बोट कुणाचं? दाताच्या एक्स-रेची पहिली ओळख, शिकाऊ असिस्टंटसाठी

पीएचडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. माझं निम्मं काम मात्र दातांच्या दवाखान्यांत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वहीत खुणा करण्यात गेलं. विषय तसा साधा आहे: दाताचा एक्स-रे पुन्हा का काढावा लागतो? म्हणजे पहिला फोटो का फसतो, कुठे फसतो, आणि तो फसू नये म्हणून असिस्टंटला नेमकं काय शिकवायला हवं. मूळची मी भौतिकशास्त्राची. दातांचं जे काही कळतं ते या स्टुलावर बसूनच कळलं.

एका दवाखान्यात दुसऱ्याच आठवड्यात एक प्रसंग घडला. सात-आठ वर्षांचा मुलगा, खालची दाढ किडलेली, तोंड उघडायला तयार नाही. तिथल्या ताईंनी फिल्म त्याच्या तोंडात ठेवली, स्वतःच्या तर्जनीने हिरडीला दाबून धरली आणि म्हणाल्या, "घ्या सर." बटण दाबलं, टूं असा आवाज झाला, झालं काम. फोटो छान आला होता, हे मुद्दाम सांगते. नंतर चहा घेताना मी विचारलं, "ताई, बोट रोज असंच धरता?" त्या हसल्या. "अहो मॅडम, अर्ध्या सेकंदाचं काम. दिवसाला तीन-चार पोरं अशी असतातच. आणि दाताच्या एक्स-रेत काही नसतं, सगळेच म्हणतात."

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. तुम्ही नुकत्याच, किंवा नुकतेच, दवाखान्यात शिकायला लागला असाल तर हे वाक्य तुम्हीही पहिल्याच महिन्यात ऐकाल. गंमत अशी की ते रुग्णाच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे, पण ताईंच्या बोटाच्या बाबतीत अजिबात खरं नाही. एकच मशीन, एकच बटण, मग असं कसं?

आधी रुग्णाचं बघू. आपण सगळे रोज थोडी किरणं घेतच असतो, जमिनीतून, हवेतून, आकाशातून, खाण्यातून. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. ३६५ ने भागलं तर दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास येतं. एका छोट्या फोटोचा, म्हणजे आपण ज्याला आयओपीए म्हणतो त्याचा, परिणामी डोस साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट असतो. थोडक्यात, एक दिवस नुसतं जगण्याइतका. ओपीजीमध्ये, म्हणजे मशीन डोक्याभोवती फिरतं त्या फोटोत, तो ३ ते २४ च्या दरम्यान असतो. सीबीसीटीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे आकडा काही दशकांपासून कधी कधी हजारापर्यंत जातो, म्हणून "सीटी करून घेऊ, बघू काय दिसतंय" हे बरोबर नाही. पण आयओपीएपुरतं रुग्णाला "घाबरू नका" म्हणणं प्रामाणिकपणाचंच आहे.

आता बोट. वरचा "परिणामी डोस" हा एक प्रकारचा हिशेबी आकडा आहे. किरणं पडतात गालाच्या छोट्याशा भागावर, आणि तो आकडा ती सगळ्या शरीरावर वाटून, अवयवांच्या नाजूकपणाचा विचार करून काढलेला असतो. म्हणून तो इतका लहान दिसतो. पण जिथे किरणं प्रत्यक्ष पडतात, त्या कातडीला एका फोटोत साधारण एक ते दोन मिलिग्रे मिळतात. मायक्रो नव्हे, मिली. बोट तोंडात असतं, मध्ये गाल आणि दात येतात, म्हणून आपण सढळ हाताने कपात करू आणि अर्धाच मिलिग्रे धरू. दिवसाला चार मुलं, वर्षाला ३०० दिवस: ४ गुणिले ३०० गुणिले अर्धा, म्हणजे ६००. एक्स-रेच्या बाबतीत मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट आकड्याने सारखेच. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या हातापायांसाठी घातलेली मर्यादा वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट आहे. १६ ते १८ वयाच्या शिकाऊ मुलामुलींसाठी तर ती १५० च आहे. बारावी झाली की लगेच कामाला लागलेल्या किती जणी मी पाहिल्यात, म्हणून हे सांगणं भाग आहे.

हा हिशेब ढोबळ आहे. फिल्मच्या अगदी मागे असलेल्या बोटाच्या टोकाला कमी मिळेल, कारण फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो. पण पेर, बाकीचं बोट, अंगठा, हे फिल्मच्या बाहेर असतात. आणि गोल नळीतून निघणारा झोत फिल्मपेक्षा बराच मोठा असतो. नळीच्या तोंडाचा व्यास साधारण ६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर. मोठ्यांची नेहमीची दोन नंबरची फिल्म ३१ बाय ४१ मिलिमीटर, म्हणजे १३ पेक्षा थोडी कमी. अर्ध्याहून जास्त झोत फिल्मवर पडतच नाही, तो पडतो माणसावर. नळीच्या तोंडाला चौकोनी जाळी किंवा चौकोनी नळी लावली तर रुग्णाचा डोस निम्म्याहून जास्त उतरतो. इतकी स्वस्त सुधारणा आपल्याकडे इतक्या थोड्या ठिकाणी दिसते याचं मला अजूनही नवल वाटतं.

रुग्ण वर्षातून एकदा-दोनदा येतो. ताईंचं बोट रोज येतं, आणि तेच बोट येतं. सगळा फरक इथे आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. रॉन्टगेनने एक्स-रे शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये. दोनच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीत ऑटो वॉल्खॉफ नावाच्या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढवून घेतला, २५ मिनिटं हलल्याशिवाय बसून. आज आपण सेकंदाच्या पाचव्या भागात काढतो. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला एडमंड केल्स या दंतवैद्यानेही दातांचे एक्स-रे सुरू केले. त्या काळी नळी बरोबर चालली आहे का हे बघायला लोक आपलाच हात झोतासमोर धरत. केल्सनेही वर्षानुवर्षं तेच केलं. आधी बोटं गेली, मग हात गेला, वेदना थांबेनात, आणि १९२८ मध्ये त्याने आत्महत्या केली. दाताच्या एक्स-रेच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतात. आणखी एका गोष्टीसाठीही घेतात: दंतवैद्याच्या दवाखान्यात स्त्री असिस्टंट नेमण्याची प्रथा त्याने १८८५ च्या सुमाराला सुरू केली असं मानलं जातं. म्हणजे तुमच्या पेशाची सुरुवात आणि या पेशातला हा धडा, दोन्ही एकाच माणसाकडून आले.

आता मशीन. आत एक काचेची नळी, नळीत तापलेली तार. तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, मोठ्या दाबाने पुढे खेचले जातात आणि टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात. त्या धक्क्यातून जेमतेम एक टक्का एक्स-रे होतात, बाकी सगळी उष्णता. म्हणून एकामागून एक दहा फोटो घेऊ नका, नळीला श्वास घेऊ द्या. मशीनवर तीन गोष्टी असतात. केव्ही म्हणजे किरणांचा जोर, एमए म्हणजे संख्या, आणि वेळ म्हणजे नळ किती वेळ उघडा. आपल्या दवाखान्यांतल्या बहुतेक मशीनवर पहिल्या दोन ठरलेल्याच असतात, तुमच्या हातात फक्त वेळ. वरच्या दाढेला सगळ्यात जास्त लागतो, खालच्या पटाशीच्या दातांना कमी, मुलांना मोठ्यांपेक्षा कमी. बटण सोडलं की किरणं संपली. खोलीत काही "उरत" नाही, भिंतीत मुरत नाही. रुग्ण विचारतात, "आता भरपूर पाणी प्यायचं का?" प्या, पाणी चांगलंच असतं, पण एक्स-रेचा त्याच्याशी संबंध नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, कारण फोटो फसण्याची बहुतेक कारणं इथेच आहेत. एक्स-रेचा फोटो हा फोटो नसतोच, ती सावली असते. सावलीचं गणित तुम्हाला लहानपणापासून येतं. संध्याकाळी सूर्य खाली आला की आपली सावली लांबच लांब पडते, दुपारी बारा वाजता पायाशी गोळा होते. दाताचंही अगदी तसंच. नळी जेवढी वाकवायला हवी त्यापेक्षा कमी वाकवली तर दात ताणल्यासारखा लांब येतो, जास्त वाकवली तर बुटका येतो. पहिली चूक संध्याकाळची, दुसरी दुपारची. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढच्या वेळी नळी कुठे हलवायची हे पुस्तक न उघडता कळेल.

यात बिघडतं काय? वरचा पुढचा दात साधारण २२-२३ मिलिमीटर लांब असतो. रूट कॅनॉलमध्ये डॉक्टर मुळाच्या टोकापर्यंत फाइल नेतात, आणि किती खोल जायचं याचा पहिला अंदाज तुमच्या फोटोवरून बांधतात. तुमच्या सावलीत दात २६ चा दिसला तर फाइल मुळातून बाहेर पडण्याचा धोका, १९ चा दिसला तर आत घाण राहण्याचा. हल्ली लांबी मोजायची इलेक्ट्रॉनिक यंत्रं असतात खरी, पण तीही फोटोशी ताडूनच पाहतात.

सावली खरी पडावी यासाठी दोन पद्धती आहेत. पहिली समांतर पद्धत: फिल्म दाताच्या उभ्या रेषेला समांतर, आणि झोत दोघांवर काटकोनात. यासाठी होल्डर लागतो, प्लॅस्टिकची पट्टी, दांडा आणि रिंग असलेला. रिंगला नळी टेकवली की कोन आपोआप बरोबर येतो. दुसरी, दुभाजक पद्धत, चेशिंस्की या पोलिश दंतवैद्याने १९०७ मध्ये मांडली. टाळू बसका असेल तर फिल्म समांतर बसतच नाही, ती तिरकीच राहते. मग दात आणि फिल्म यांच्यात जो कोन होतो त्याच्या बरोबर मधोमध एक रेष कल्पायची आणि झोत त्या रेषेवर काटकोनात टाकायचा. कल्पनेतल्या रेषेवर! म्हणूनच यात चुका जास्त होतात. सुरुवातीला आधार म्हणून ठोकळ आकडे वापरतात: वरचे पटाशीचे दात ४० अंश, सुळा ४५, उपदाढा ३०, दाढा २०, सगळे वरून खाली. खालचे पटाशीचे १५, सुळा २०, उपदाढा १०, दाढा ५, हे खालून वर. पण हे आकडे डोकं सरळ असतानाचे. वरचे दात घेताना नाकपुडीच्या कडेपासून कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापर्यंतची रेष जमिनीला समांतर हवी. खालचे घेताना ओठाच्या कोपऱ्यापासून त्याच उंचवट्यापर्यंतची. रुग्ण खुर्चीत घसरून बसलेला असेल आणि तुम्ही इमानदारीत ४० अंश लावलेत, तर फोटो फसणारच.

मी स्टुलावरून पाहिलेला खरा घोळ हाच. असिस्टंट मशीनच्या अंशांकडे बघते, रुग्णाच्या डोक्याकडे नाही.

आडवा कोनही असतो. खिडकीच्या गजांकडे समोरून पाहिलं तर मधल्या फटी दिसतात, बाजूने पाहिलं तर गज एकमेकांवर चढतात. दोन दातांच्या मधली कीड बघायची असेल तर झोत नेमका फटीतून गेला पाहिजे, नाहीतर दात एकमेकांवर चढलेले दिसतात आणि कीड त्यात लपून राहते. मुद्दाम आडवा कोन बदलून दुसरा फोटो घेणं हेही एक शास्त्र आहे. क्लार्कने १९१० मध्ये दाखवलं की नळी ज्या दिशेला सरकवली त्याच दिशेला जी वस्तू सरकते ती जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूला असते, उलट सरकते ती गालाच्या बाजूला. चालत्या एसटीतून बघा, जवळची झाडं मागे पळतात आणि लांबचा डोंगर सोबत येतो. तेच.

बाकीच्या चुका पटकन सांगते. फोटोच्या एका कोपऱ्यात गोल पांढरा भाग आला तर नळी नीट मध्यावर नव्हती. फिल्मवर माशाच्या काट्यासारखी नक्षी आली आणि फोटो फिका आला तर पाकीट उलटं ठेवलं होतं, ती नक्षी आतल्या शिशाच्या पत्र्याची. फिल्मवरचा उठावाचा ठिपका दाताच्या शेंड्याकडे ठेवा, मुळाकडे नको, नाहीतर नेमका बघायच्या जागी येतो. धूसर आलं तर कुणीतरी हललं. फॉस्फर प्लेट असेल तर स्कॅन करेपर्यंत उजेडात ठेवू नका. आरव्हीजीचा सेन्सर वायरला धरून ओढू नका, रुग्णाला वायर चावू देऊ नका, आणि प्रत्येक रुग्णाला नवीन पिशवी. सेन्सर ऑटोक्लेव्हमध्ये घातल्याचंही मी ऐकलंय. नको.

आरव्हीजीबद्दल मात्र एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण ती दिसत नाही. फिल्म असताना जास्त वेळ दिला की फोटो काळा यायचा, चूक समोर दिसायची. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर उजेड-अंधार सावरून घेतं. वेळ कमी पडला तर चित्र दाणेदार येतं आणि डॉक्टर ओरडतात. जास्त झाला तर चित्र गुळगुळीत येतं, सगळे खूश. म्हणून कुणीच मुद्दाम न करता वेळ हळूहळू वर सरकत जातो, आणि डिजिटलमुळे डोस कमी होण्याचा फायदा तिथेच संपतो. मशीनजवळ एक कागद चिकटवा: कुठल्या दाताला किती वेळ. तो डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि त्यावरून हलू नका.

आता तुम्ही स्वतः उभं कुठे राहायचं? मशीनची भीती बाळगायची ती झोताची. पण झोतात नसलात तरी रुग्णाचं डोकं आरशासारखं थोडी किरणं इकडेतिकडे फेकतं. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो. अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर गेलात तर सोळावा हिस्सा. म्हणून निदान दोन मीटर, म्हणजे सहा-साडेसहा फूट, आणि झोताच्या समोर कधीच नाही, बाजूला किंवा थोडं मागे. दवाखाना आठ बाय दहाचा असेल तर दाराबाहेर, भिंतीआड उभ्या राहा. नळी डुलत असेल तर हाताने धरू नका, मेकॅनिकला बोलवा. हातात धरायचं पोर्टेबल मशीन असेल तर त्याच्या तोंडाशी असलेली पारदर्शक गोल ढाल काढून ठेवू नका. "मध्ये येते" म्हणून ती कपाटात पडलेली मी दोनदा पाहिलीय. ती तुमच्यासाठीच असते.

शिशाचा एप्रन? इथे थोडा गोंधळ आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ च्या सुरुवातीला रुग्णांसाठी एप्रन आणि गळ्याची पट्टी यांची गरज नाही असं जाहीर केलं. कारण चौकोनी नळी आणि चांगले सेन्सर असतील तर पोटापर्यंत जवळजवळ काही पोचत नाही, उलट ओपीजीमध्ये एप्रन मध्ये येऊन फोटो वाया जातो. पण त्या शिफारशीतला "चौकोनी नळी" हा शब्द वाचल्याशिवाय एप्रन काढून टाकू नका. आपल्याकडे गोल नळ्या आहेत, आणि आपले नियम आपले आहेत. रुग्ण गरोदर असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा. फोटो गरजेचा असेल तर गर्भापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो, पण विचारणं तुमचं काम.

तर मग त्या मुलाचं काय करायचं? फिल्म कुणीतरी धरायलाच हवी ना? आधी होल्डर. मुलांसाठी शून्य नंबरची, २२ बाय ३५ मिलिमीटरची छोटी फिल्म वापरा, मोठी फिल्म टोचते म्हणूनच निम्मी पोरं रडतात. पुढच्या दातांपासून सुरुवात करा, वरची दाढ शेवटी, कारण उमासा तिथे येतो. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवलं की बऱ्याच जणांचा उमासा थांबतो. नाकाने श्वास घ्यायला सांगा, एक पाय वर उचलून धरायला सांगा, लक्ष दुसरीकडे जातं. बटण दाबायच्या आधी सगळं तयार ठेवा, फिल्म तोंडात ठेवून वेळ शोधत बसू नका. आणि तरीही मूल ऐकत नसेल तर आई किंवा वडील धरतील, एप्रन आणि शिशाचे हातमोजे घालून, हात झोताबाहेर ठेवून, आणि आई गरोदर नाही ना हे विचारून. ते वर्षातून एकदा धरतील.

त्या ताईंना मी हा सगळा हिशेब कागदावर करून दाखवला. त्यांनी ६०० च्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "चार वर्षांचं किती?" मी गुणून दिलं. पुढच्या सोमवारी गेले तेव्हा ट्रेमध्ये छोट्या फिल्मची नवी पेटी होती, होल्डर धुवून ठेवला होता, आणि शेजारी मिठाची डबी.